पानिपतचा उन्हाळा आणि तिथल्या बागा

मे-जूनच्या पानिपतात बागेचा दिवस दोन तुकड्यांत येतो. पहिला तुकडा पहाटे पाचपासून साडेआठ-नऊपर्यंत, दुसरा संध्याकाळी सहानंतर. मधल्या नऊ-साडेनऊ तासांत बागेत कोणी दिसलेच तर तो माळी असतो, नाहीतर झाडाखाली गमछा तोंडावर ओढून पडलेला सायकलरिक्षावाला. जूनच्या मध्याला इथे सूर्य साडेपाचच्या आत उगवतो आणि सव्वासात वाजून गेल्यावर मावळतो. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास भरतो. पानिपत बरेच उत्तरेला असल्याने तिथे तो चौदा तासांचा होतो. ऊन कडक तर असतेच, शिवाय ते पाऊण तास जास्त सोसावे लागते.

मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणे ही इथे नित्याची गोष्ट आहे. ४४-४५ पर्यंतही तो पोचतो. दुपारी राजस्थानच्या बाजूने कोरडा, भाजून काढणारा वारा सुटतो. त्याला उत्तरेत लू म्हणतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात आला, की साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस ‘नौतपा’ म्हणून मोजले जातात, आणि या दिवसांत लग्नकार्य किंवा तातडीचे काम नसेल तर घरातली वडीलधारी माणसे दुपारी कुणाला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत. अधूनमधून संध्याकाळी आंधी येते. पश्चिमेकडचे आकाश मातकट होते, पाच-दहा मिनिटे समोरचा माणूस दिसत नाही, मग चार थेंब पडतात आणि हवा एकदम हलकी होते. अशा संध्याकाळी पानिपतच्या बागा भरून वाहतात.

मराठी माणसाच्या मनातले पानिपत मात्र थंडीचे आहे. १४ जानेवारी १७६१च्या तिसऱ्या लढाईचे. उपाशी फौज, कडाक्याचा गारठा, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, हे चित्र बखरींनी आणि कादंबऱ्यांनी पक्के केले आहे. पण पानिपतच्या तीन लढायांपैकी पहिली ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, २१ एप्रिल १५२६ला झाली, आणि शहरातल्या ऐतिहासिक बागांची गोष्ट तिथूनच सुरू होते. तिसऱ्या लढाईतल्या सदाशिवरावभाऊंच्या मराठी फौजेनेही उत्तरेचा उन्हाळा पुरेपूर पाहिला होता. १७६०च्या मार्चमध्ये पटदूरहून निघालेली ती फौज बाजारबुणगे, यात्रेकरू आणि बायकापोरांसह पुरा वैशाख-ज्येष्ठ चालत राहिली आणि ऑगस्टच्या आरंभी तिने दिल्लीचा किल्ला घेतला. तोवर यमुनेला पूर आलेला होता.

दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटरवर, जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्यावर वसलेले हे शहर आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा भाग आहे. सूतगिरण्या, रंगकामाचे कारखाने, गालिचे, सतरंज्या आणि ब्लँकेटे ही त्याची ओळख. जगभरातून येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या इथे पिंजल्या जातात आणि त्यांच्या सुतातून ब्लँकेटे विणली जातात. हिवाळ्याच्या मालाची तयारी उन्हाळ्यातच करावी लागते. बाहेर ४४ अंश असताना आत मागावर लोकर चाललेली असते. अशा शहरात झाडाची सावली ही चैनीची बाब राहत नाही.

पहाटेच्या वेळी सर्वांत जास्त गर्दी असते ती देवी मंदिराजवळच्या बागेत. ही बाग मुळात बाग नव्हतीच. इथे मोठा तलाव होता आणि त्याच्या काठी देवीचे मंदिर. तलाव आटला, आणि त्या खोलगट जागेत मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी बाग तयार झाली. नवरात्रात याच ठिकाणी रामलीला होते. मंदिराच्या परिसरात एक शिवालय आहे. मंगल रघुनाथ नावाचा एक मराठा १७६१च्या लढाईनंतर पानिपतातच राहिला आणि त्याने ते बांधले, असे मानले जाते. पराभवानंतर परतीचा रस्ता न धरता त्याच गावात राहून देऊळ बांधणारा हा माणूस कोण होता, याविषयी इतिहास फारसे बोलत नाही. देऊळ मात्र उभे आहे.

पुण्याच्या वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळे करवले, त्यातल्या बेटावर पुढे सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला, आणि विसाव्या शतकात ते कोरडे पडलेले तळे सारसबाग झाले. ज्या नानासाहेबांनी भाऊंना उत्तरेत धाडले आणि पानिपतच्या बातमीनंतर पाच महिन्यांतच, २३ जून १७६१ला, पर्वतीवर प्राण सोडला, त्यांच्या तळ्याची आणि पानिपतच्या देवी तलावाची अखेर एकसारखी झाली. पाणी गेले, हिरवळ आली.

सकाळी सहाच्या सुमाराला या बागेचे रूप पाहण्यासारखे असते. एका बाजूला योगासने, दुसऱ्या बाजूला मोठमोठ्याने हसण्याचा व्यायाम करणारी मंडळी, मधल्या रस्त्यावर सलवार-कमीज आणि कॅनव्हासच्या बुटांत भरभर चालणाऱ्या बायका. झाडाखालच्या कठड्यावर पगडीवाले म्हातारे बसतात. त्यांच्यातली कित्येक घराणी १९४७ साली पश्चिम पंजाबातून इथे आली. फाळणीत पानिपतचे बहुतेक मुसलमान पाकिस्तानात गेले आणि त्यांच्या जागी मुलतान, झंग, लायलपूरकडचे निर्वासित वसले. त्यामुळे बागेत हरयाणवी जितकी कानावर पडते तितकीच पंजाबी आणि मुलतानी वळणाची बोली. पानिपतचे प्रसिद्ध पचरंगा लोणचेही याच निर्वासितांबरोबर आलेले. आठ वाजले, की कठड्यावरची मंडळी हळूहळू घराकडे वळतात. नऊला बाग ओस पडते.

बागेत शिरताच गारवा का जाणवतो, याचे उत्तर केवळ सावली एवढेच नाही. झाड मुळांनी ओढलेले पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफेच्या रूपाने सोडत असते. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते आसपासची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. मोठे, पाणी मिळालेले झाड दिवसाकाठी शंभराहून अधिक लिटर पाणी असे उडवू शकते. ही क्रिया कोरड्या हवेत जोमाने चालते आणि दमट हवेत मंदावते. विदर्भातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. वाळ्याचे ताटे लावलेला कूलर नागपुरात मे महिन्यात खोली थंड करतो आणि मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. पानिपतची मे महिन्यातली दुपार नागपूरसारखीच कोरडी असते. म्हणून इथे कारंजे, हौद, ओली माती आणि घनदाट झाड यांचा उपयोग मुंबईपेक्षा कितीतरी जास्त होतो. अर्थात झाडालाही मर्यादा आहेत. जमिनीत ओल नसेल, तर ऐन दुपारी पान आपली छिद्रे मिटून घेते आणि वाफ सोडणे थांबवते. पाणी न घातलेली बाग दुपारी फक्त सावली देते, गारवा देत नाही.

उत्तरेतल्या झाडांची आणखी एक खोड लक्षात घेण्याजोगी आहे. थंडीच्या देशांत पानगळ शरदात होते. पानिपतात बरीच झाडे फाल्गुन-चैत्रात पाने झाडतात आणि उन्हाचा कहर सुरू होण्याच्या आत नवी पालवी धरतात. पिंपळाची कोवळी, तांबूस पाने एप्रिलमध्ये लखलखतात. त्याच्याच कुळातला पिलखन तर काही दिवसांतच भुंडा होऊन पुन्हा भरगच्च होतो, आणि सावलीच्या बाबतीत त्याच्या तोडीचे दुसरे झाड उत्तरेच्या मैदानात सापडणे कठीण. कडुनिंब एप्रिलमध्ये फुलतो, त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांचा सडा फरशीवर पडतो. मेच्या मध्यापासून बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो. त्याला इथे अमलतास म्हणतात. गुलमोहर त्याच सुमाराला लाल होतो, पण त्याची सावली विरळ. तुती एप्रिलमध्ये पिकते, जांभूळ जून संपता संपता. दुपारच्या सुनसान बागेत एकच आवाज चालू असतो: तांबट पक्ष्याचा ठोक्यासारखा टुक-टुक. बाकी पक्षी चोच उघडी टाकून पानांच्या आत बसलेले असतात.

शहराच्या मध्यावर, तहसील कचेरीजवळ, आणखी एक बाग आहे आणि तिच्यात इब्राहिम लोदीची कबर. २१ एप्रिल १५२६च्या लढाईत तो पडला. दिल्लीच्या सुलतानांपैकी रणांगणावर मारला गेलेला हा एकटाच. कबर म्हणजे विटांचा साधा चौथरा आहे. वर चढायला पायऱ्या, आणि डोक्यावर घुमट नाही, मोकळे आभाळ. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात, १८६६ साली, तिची डागडुजी करून त्यावर उर्दू मजकुराचा लेख बसवला. त्याआधी ग्वाल्हेरकडचे लोक या जागी मुद्दाम येत, कारण ग्वाल्हेरचा शेवटचा तोमर राजा विक्रमादित्य त्याच लढाईत इब्राहिमच्या बाजूने लढताना पडला होता. आज इथे येणारे बहुतेक लोक कबरीसाठी येत नाहीत. कचेरीत काम असते, साहेब जेवायला गेलेले असतात, आणि बागेतले झाड ही त्या परिसरातली त्यातल्या त्यात बसण्यासारखी जागा असते. सुलतानाच्या कबरीचा याहून चांगला उपयोग झाला असता असे वाटत नाही.

याच्या शेजारी दिल्लीची लोदी बाग ठेवून पाहावी. तिथे इब्राहिमचा बाप सिकंदर लोदी पुरलेला आहे. अष्टकोनी दगडी इमारत, भोवती तटबंदी, वर घुमट, सारे ऐसपैस. ती बाग सुमारे ९० एकरांची आहे. खैरपूर नावाचे खेडे तिथून उठवून १९३६ साली ती लेडी विलिंग्डन पार्क या नावाने उघडण्यात आली, स्वातंत्र्यानंतर तिला लोदी बाग हे नाव मिळाले, आणि १९६८ साली जोसेफ अ‍ॅलन स्टाइन आणि गॅरेट एक्बो या वास्तुरचनाकारांनी तिची नव्याने आखणी केली. बाप राजधानीच्या सर्वांत देखण्या बागेत, मुलगा पानिपतच्या कचेरीमागे. दिल्लीची नगरपालिका आणि पानिपतची महानगरपालिका यांच्या तिजोऱ्यांतला फरकही त्यात दिसतो, हे सांगायलाच हवे.

इब्राहिमला हरवणाऱ्या बाबराची बाग शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे: काबुली बाग. बाबर १२ एप्रिल १५२६ला पानिपतला पोचला. शहर उजव्या हाताला ठेवून त्याने सातशे गाड्या चामड्याच्या दोरांनी एकमेकींना जखडल्या, डाव्या बाजूला खंदक आणि फांद्यांचे अडथळे केले आणि आठवडाभर वाट पाहिली. लढाई सूर्य कासराभर वर आल्यावर जुंपली आणि दुपार होता होता संपली. एप्रिलच्या अखेरीस पानिपतात लढायचे तर हाच काळ. दुपारनंतर घोडा आणि माणूस दोघेही कामातून जातात.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. मेमध्ये बाबर आग्र्याला पोचला तेव्हा त्या वर्षीचा उन्हाळा विलक्षण होता. माणसे लूच्या तडाख्याने कोसळू लागली, सरदार परत काबूलला जायचे म्हणून अडून बसले आणि ख्वाजा कलान नावाचा त्याचा जवळचा सरदार खरोखरच निघून गेला. आपल्या आठवणींत बाबराने हिंदुस्थानच्या तीन गोष्टींविषयी तक्रार केली आहे: उकाडा, वारा आणि धूळ. या तिन्हींवर त्याला हमामखाना हा उतारा सापडला आणि वाहत्या पाण्याची बाग हा दुसरा. आग्र्यात यमुनेपलीकडे त्याने चारबाग आखली, विहीर खोदली, हौद बांधला, सरळ रेषांत गुलाब आणि नर्गिस लावले. असली मापात आखलेली बाग लोकांनी पूर्वी पाहिली नव्हती. त्यांनी नदीच्या त्या बाजूलाच काबूल म्हणायला सुरुवात केली.

इथे पाणी चढवण्याच्या रीतीबद्दल त्याने लिहिलेला एक तपशील मराठी शेतकऱ्याला हसू आणील. लाहोर-सरहिंदकडे रहाट आहे, तो त्याला पसंत पडला. पण आग्र्याकडची मोट त्याला गलिच्छ वाटली. बैल पुढे-मागे जातात, मोटेचा दोर त्यांच्या शेणामुतातून घासत येतो आणि तोच पुन्हा विहिरीत उतरतो, ही त्याची तक्रार. ज्या देशात हजारो वर्षे शेती मोटेवर पिकली, तिथल्या पाण्याकडे पाहण्याची ही एका डोंगरी राजाची नजर. पुढे मोगल बागा बांधल्या गेल्या त्या मात्र अशाच विहिरींच्या आणि कालव्यांच्या जोरावर.

पानिपतच्या विजयाची आठवण म्हणून बाबराने १५२७च्या सुमारास काबुली बागेत मशीद बांधवली. त्याच्या एका बेगमेवरून बागेला हे नाव पडले असे सांगतात. मशीद आजही चांगल्या स्थितीत आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. मधोमध मोठ्या घुमटाचे चौकोनी दालन, दोन्ही अंगांना लहान घुमटांचे नऊ-नऊ खण, भिंती विटांच्या, त्यावर चुन्याचा गिलावा. सकाळी दहाच्या उन्हातून आत पाऊल टाकले की तापमानातला फरक कातडीला कळतो. जाड विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि ते आत पोचवायला तिला संध्याकाळ लागते. बागेचे मात्र तसे झाले नाही. तिचा मूळ विस्तार वस्तीने गिळला आहे. मशिदीभोवतीचे अंगण, हिरवळीचे तुकडे आणि काही झाडे एवढेच उरले आहे. नाव काबुली बाग, पण पत्ता विचारला तर लोक वसाहतीकडे बोट दाखवतात.

दुपारी बागा रिकाम्या असतात तेव्हा पानिपत पाण्याच्या आसऱ्याला जाते. रस्त्याच्या कडेला ओल्या तांबड्या फडक्यात गुंडाळलेले माठ, शिकंजीच्या गाड्या, बेलफळाचे सरबत, जलजिरा, पितळी ग्लासातली लस्सी. ज्येष्ठात निर्जला एकादशी येते; त्या दिवशी स्वतः पाणी न पिणारे लोक रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गोड पाणी पाजतात, कलिंगडे आणि पंखे दान करतात. त्याच सुमाराला शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांचा हौतात्म्यदिन असतो आणि चौकाचौकांत छबील लागते: दूध, पाणी, गुलाबी सरबत आणि बर्फ. गाड्या थांबवून, बसच्या खिडकीतून हात घालून ग्लास देतात. पुण्यामुंबईकडची पाणपोई इथे सण होऊन बसली आहे. बू अली शाह कलंदराच्या दर्ग्याचे अंगणही दुपारी माणसांनी भरलेले असते. १३२४ साली वारलेल्या या सूफी संताच्या सावलीत उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली यांची कबर आहे. हाली पानिपतचेच, १८३७चा जन्म. त्यांच्या नावाची एक बागही शहरात आहे.

सहानंतर ऊन उतरले की काला आंबकडे जावे. शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर, उग्राखेडीच्या परिसरात, शेतांच्या मधोमध ही जागा आहे. १४ जानेवारी १७६१ला सदाशिवरावभाऊ इथल्या एका आंब्याखालून लढाई पाहत होते, अशी परंपरा आहे. झाड काळे का म्हणायचे, तर त्याची पाने गर्द असल्याने, किंवा मातीत एवढे रक्त मुरले की फळेही काळवंडली म्हणून. दुसरे स्पष्टीकरण लोकांना अर्थातच जास्त आवडते. झाड पुढे वठले. त्याच्या लाकडाचे नक्षीदार दरवाजे करवून घेतले गेले अशीही हकीकत सांगतात. त्या जागी विटांचा स्तंभ उभा केला गेला, वर लोखंडी सळई, भोवती लोखंडी कठडा. आजूबाजूला पानिपतच्या लढायांच्या स्मारकासाठी हरियाणा सरकारने स्थापलेल्या संस्थेच्या देखरेखीत बाग तयार झाली: हिरवळ, पायवाटा, लढाईची चित्रशिल्पे.

पंधरा जानेवारीला सकाळी हे मैदान पुन्हा रिकामे होते, पण आदल्या दिवशी इथे महाराष्ट्रातून आलेल्या बस उभ्या असतात आणि करनाल-पानिपतकडची रोड समाजाची माणसे फेटे बांधून आलेली असतात. लढाईनंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असे या समाजातले बरेच लोक आज मानतात आणि स्वतःला रोड मराठा म्हणवतात. २०२५ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही त्या दिवशी काला आंबला हजर होते आणि त्याच वर्षी मार्चमधल्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने पानिपतला स्मारक उभारण्याची घोषणा केली.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी मात्र काला आंब हे शौर्यस्थळ कमी आणि गावकऱ्यांचे फिरायला येण्याचे ठिकाण जास्त असते. गहू काढून झालेला असतो. आजूबाजूच्या शेतांत भाताच्या रोपांची तयारी चाललेली असते आणि कूपनलिकांचे पंप घरघरत असतात. कारखान्यातल्या पाळ्या संपवून आलेले बिहारी आणि पूर्वांचली कामगार मोबाइलवर फोटो काढतात, मुले स्तंभाभोवती शिवाशिवी खेळतात. पंचवीस मैलांत मराठी बोलणारा सापडणे मुश्कील. तरी एखादा म्हातारा भाऊचे नाव आदराने घेतो आणि युद्ध कुठून कुठे सरकले ते हातवारे करून दाखवतो. त्याच्या वर्णनात तारखा चुकतात, दिशा सहसा चुकत नाहीत.

काला आंबची अडचण इतिहासाची नाही, सावलीची आहे. हिरवळ आणि फरसबंदी डोळ्यांना नीटनेटकी दिसते, फोटोत शोभते, पण मे महिन्यात सकाळी साडेनऊनंतर त्यावर उभे राहवत नाही. हिरवळीला पाणीही अतोनात लागते. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात खोदवलेला, शाहजहानच्या काळात अली मर्दानखानाने दिल्लीपर्यंत नेलेला आणि १८२०च्या सुमारास इंग्रजांनी पुन्हा चालू केलेला पश्चिम यमुना कालवा याच मुलखातून जातो. तरी शहर आणि शेती दोन्हींची तहान मुख्यतः जमिनीखालच्या पाण्यावर भागते आणि ती पातळी वर्षानुवर्षे खाली चालली आहे. अशा ठिकाणी गवताला रोज पाणी पाजण्यापेक्षा तेच पाणी वड, पिंपळ, पिलखन, कडुनिंब यांना पहिली पाच वर्षे दिले तर पुढची शंभर वर्षे सावली मिळते. जहांगीरने आग्रा ते लाहोरच्या रस्त्यावर कोसाकोसाला मिनार आणि तीन-तीन कोसांवर विहीर बांधायचा हुकूम १६१९ साली दिला; त्या रस्त्यावरच्या झाडांचे मोल तेव्हा पायी चालणाऱ्याला ठाऊक होते. कोसमिनार पानिपतजवळ आजही उभे आहेत. झाडे रस्ता रुंद करताना गेली.

मे-जूनमध्ये पानिपतला जाणाऱ्याने दिल्लीहून आदल्या संध्याकाळीच पोचावे. सूर्योदयाला काला आंब, तिथून साडेसातपर्यंत देवी मंदिराची बाग, वाटेत इब्राहिमची कबर आणि शेवटी काबुली बागेची मशीद, असा क्रम ठेवला तर दहाच्या आत सारे होते. मशीद शेवटी ठेवण्याचे कारण एवढेच, की तिच्या आत दहा वाजताही बसता येते. डोक्याला ओला पंचा आणि जवळ मीठ-साखरेचे पाणी हवेच. आणि महाराष्ट्र सरकारच्या नव्या स्मारकाचा आराखडा करणाऱ्यांना एक विनंती. आंबा हा महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आहे आणि पिंपळ हरियाणाचा. पानिपतच्या मातीत दोन्ही उत्तम वाढतात. ग्रॅनाइटच्या फरशा मागवण्याच्या आधी यांचे खड्डे खणावेत, आणि एक पावसाळा वाया न घालवता खणावेत.